बियाण्याच्या डब्यातले निळे मणी

कोबाल्टच्या आयनाचा ठावठिकाणा शोधणे ही माझी पुण्यातली नोकरी. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकात अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत हा आयन राहतो. भोवती पाण्याचे रेणू असले की गुलाबी दिसतो. तापवून पाणी उडवले की तो पोकळीच्या भिंतीला चिकटतो आणि निळा होतो. भिंतीला नेमका कुठे, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि घरी कुणी विचारले की मी नुसते ‘दगडांचे काम’ म्हणायचे.

आई गेली आणि करडी गावातल्या घरी बाबा एकटे उरले. आईने स्वतः पाखडून ठेवलेले धानाचे बियाणे तेवढे मागे होते. त्याला ओल लागेल म्हणून बाबा धास्तावलेले. मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दिला, आत झिओलाइटच्या निळ्या मण्यांची पुरचुंडी ठेवली. मणी ओल ओढतात. गुलाबी झाले तर कळवा, म्हटले.

त्यांनी रोज संध्याकाळी फोन लावायला सुरुवात केली.

“बाई, निळेच हायेत. जेवली का?”

आई होती तेव्हा बोलायची ती. आम्ही दोघे घुमेच. आता रंगाच्या निमित्ताने बोलणे व्हायचे. एकदा मी त्यांना आयनाची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “मंग पाणी गेल्यावर भिताडाले टेकूनच रायते का तो?”

मग एके दिवशी मणी गुलाबी झाले. होणारच. रंग बघायला बाबा रोज झाकण उघडत होते.

“नाई उघडलं तं दिसंल कसं?”

मणी तव्यावर तापवून घ्या आणि आता पेरणीपर्यंत डब्याला हात लावू नका, असे मी ठणकावले. बाबांनी ऐकले. संध्याकाळचा फोनही बंद झाला. मला राग आला, पोरीला फोन करायला माणसाला मणी लागतात? पण मीही केला नव्हता. संध्याकाळी खोलीवर येऊन फोनकडे बघत बसायचे. फार एकटे वाटायचे.

शेवटी मीच लावला. “बाबा, मणी बघून सांगा ना.”

“तूच तं नको म्हणली. तुह्या मायच्या हातचं बियाणं हाय, हवा लागंल.”

“लागू द्या. एकदा उघडा.”

झाकण निघाल्याचा आवाज आला.

“अंधार हाय, बाई. रंग दिसत नाई.”

“मग लाइट लावा की.”

“रंग राहू दे. तू बोल.”