मालती मावशी ‘संत्री’ म्हणाली

मोहगावपासून लोधीखेड्यापर्यंत संत्र्याच्या कितीतरी बागा माझ्या मालती मावशीच्या हातच्या आहेत, आणि तिच्या स्वतःच्या नावावर एक झाड नाही. लिंबाच्या जातीतल्या जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचं काम ती तीस वर्षांपासून करते. तिची एक खोड सगळ्यांना माहीत आहे. बांधलेल्या डोळ्याला कोंब दिसल्याशिवाय ती मजुरीला हात लावत नाही. कुणी आगाऊ देऊ केली तर त्यालाच झापते.

मागच्या वर्षी मला हौस आली आणि कलम बांधतानाचा तिचा व्हिडिओ मी नेटवर टाकला. पुढचं सगळं रामायण माझ्या त्या शहाणपणामुळे झालं.

यंदा जानेवारीत मोहगावच्या गुणवंताभाऊंचा फोन आला. त्यांच्याकडे मावशी आठवड्यापूर्वीच कलमं बांधून आली होती.

"जय भीम, भाऊ," मावशी म्हणाली.

"राम राम. मालतीबाई, तुम्ही आता मोबाइलवर रोपं बी विकून राहिल्या काय?"

मी जाहिरात शोधली. मावशीच होती. माझ्या व्हिडिओतली तीच हिरवी साडी, तोच चाकू, आणि तोंडात कुणीतरी एआयने घातलेली भलतीच मराठी: "नमस्कार शेतकरी बांधवांनो! मी हीच रोपं वापरत आहे. पहिल्याच वर्षी भरपूर संत्री! आजच पैसे भरा, थोडीच रोपं शिल्लक आहेत."

मावशीने तीनदा ऐकलं. "शीतल, मी जल्मात कधी 'संत्री' म्हटलं काय वं?"

आमच्याकडे एक संत्रा, दहा संत्रे. 'संत्री' फक्त पुस्तकात. आणि पहिल्याच वर्षी फळ? त्याला चार-पाच वर्षं लागतात. मला वाटलं, लोकांना एवढं सांगितलं की झालं. कसलं काय. "मोबाइलवर गेल्यावर बाई शुद्धच बोलन ना," असं उत्तर मिळालं. ती शुद्ध बोलते म्हणूनच लोकांचा विश्वास वाढला होता. असा संताप आला मला! सात जणांनी पैसे भरलेसुद्धा. रोपं येणार नव्हती, आणि शिव्या मावशीच्या नावाने पडणार होत्या. त्या नावावरच तर तिला काम मिळतं.

त्या सातही जणांना घेऊन आम्ही सायबरची तक्रार नोंदवली. मग मी खऱ्या मावशीचा व्हिडिओ टाकला: "थे बाई मी नोहो. आमी संत्रा म्हणतो, संत्री नाई."

पंधरा दिवसांत नवी जाहिरात आली. आता खोटी मावशी म्हणत होती, "लावा बाप्पा हे रोप, संत्रेच संत्रे येतीन! पैसे आजच टाका."

म्हणजे चोरांना शिकवणीही मीच दिली होती. मला तोंड दाखवायची लाज वाटली. मावशी पहिल्यांदाच घाबरली. "आता मले कोन ओळखन?" ती सारखी म्हणत राहिली.

तरी बाजाराच्या दिवशी ती मोहगावला गेलीच. चहाच्या टपरीवर दहा-बारा जण एका मोबाइलभोवती जमले होते. जाहिरात चालू होती. सगळ्यांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग मावशीकडे. मावशीने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. काहीही बोलली तरी ते त्या मोबाइलमधल्या बाईसारखंच वाटणार होतं.

मागून गुणवंताभाऊ म्हणाले, "बंद करा थो मोबाइल. थे मालतीबाई नोहे."

"कायवरून?"

"पैसे आंधी मांगून राहिली ना थे."

मग एकाने मोबाइल खिशात टाकला, दुसऱ्याने मावशीसाठी बाक मोकळा केला. ती बसली, तिने चहाचा एक घोट घेतला.

"भाऊ, तुमच्या कलमाले कोंब आला काय?"

"कालच दिसला."

"मंग काढा माही मजुरी," मावशी म्हणाली.