मोतीबिंदू पिकण्याची वाट

मॅच्युअर हा शब्द मी दादरच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवला. आठवीच्या पोरांसमोर आधी फळ्यावर आंबा काढायचे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पिकलेला, माणसाला तो नंतर चिकटला, असं सांगायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. शब्दांची कुळं काढायची मला भारी हौस. तिच्यापायी आईचा डोळा जायची वेळ आली होती.

आई एक्याऐंशीची. परळच्या चाळीत आम्ही दोघीच राहतो. घरचा बाजार तिच्याकडे आणि त्यात कोणी नाक खुपसलेलं तिला खपत नाही. मासळी तर तिनेच आणायची. पापलेटचा कल्ला उचलून आत बघायचं, लाल असेल तर पिशवीत, नाहीतर कोळणीचा उद्धार. मी साठीला आले तरी "तुला काय कळतंय त्यातलं" हेच ऐकत होते.

पाचेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तिला सांगितलं, "मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकला की काढू." आईला हे एकदम पटलं. दर मे महिन्यात गावाहून आंब्याची पेटी आली की पेंढा पसरून अढी तीच लावायची. कच्च्याला हात लावायचा नसतो हे तिला कोणी शिकवायला नको होतं. त्यात मी शहाणी. म्हटलं, "आई, इंग्रजी शब्दसुद्धा तोच. मॅच्युअर म्हणजे पिकलेलाच." झालं. चाळीत भेटेल त्याला ती सांगत सुटली, "इंग्रजीत पण तसंच आहे, आमची मास्तरीण सांगते." खरी गोष्ट वेगळी होती. तिच्या मोठ्या जावेचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, तेव्हापासून आईने धसका घेतला होता. तिला थांबायला सबब हवी होती आणि मी ती आयती हातात दिली.

गेल्या वर्षी एका रविवारी तिने आणलेली पापलेटं मी साफ करायला घेतली. वासानेच कळलं. कल्ले पार काळपट पडले होते. मी ती गुपचूप बाजूला सारली, पण नाक काही तिचं अधू नव्हतं. "मला लाल दिसले गो," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाजाराची पिशवी तिने माझ्या हातात दिली. "यापुढे तूच जा." आई भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात तिला ओढत दादरला नेलं. डोळ्यांची डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तपासलं आणि वैतागलीच. "मॅच्युअर झालाय हा, कडक झालाय. एवढं थांबलात कशाला?"

मी चाचरत म्हटलं, "पिकायला नको का?"

"ती जुनी पद्धत. आता कच्चाच काढतात, सोपा जातो. अजून थांबलात तर डोळ्याची खात्री मी देणार नाही."

आई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. "विचार करून सांगते," म्हणाली आणि चपला घालून चालायला लागली.

घरी आल्यावर मी स्वतःवरचा राग जाड डिक्शनरीवर काढला. पानं फराफरा उलटून तोच शब्द काढला. पिकलेला, हे तर होतंच. त्याच्याच पुढे लिहिलं होतं, वेळेवरचा. त्या शब्दावरून झालेल्या लॅटिन क्रियापदाचा एक अर्थ पिकवणं आणि दुसरा चक्क घाई करणं. तीस वर्षं मी ती ओळ वाचलीच नव्हती. आंबा काढला की माझं काम संपायचं. एवढी लाज मला शाळेत कधी वाटली नव्हती.

तशीच आईसमोर जाऊन बसले. "मी तुला अर्धंच सांगितलं. त्या शब्दात वेळेवर असंही आहे."

"शब्दाने भीती जाते होय?" आई म्हणाली. भीती हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"नाही जात. मलाही वाटतेय." मग मी विचारलं, "अढीतला आंबा विसरला तर काय करतेस?"

"काय करणार, टाकून द्यायचा," म्हणाली. नंतर चहाला उठता उठता म्हणाली, "तारीख घे."

ऑपरेशनला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर बाकड्यावर मी देवांची नावं घेत होते आणि मध्येच स्वतःला शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोरच्या तक्त्यावरची मराठी अक्षरं आईने वरून वाचायला घेतली ती थेट खालून दुसऱ्या ओळीपर्यंत. मी तिथेच रडले, अगदी हमसून. आई डॉक्टरला म्हणाली, "हिला पाणी द्या."

महिन्याभराने लालबागच्या बाजारात ती पिशवी घेऊन पुढे आणि मी मागे. कोळणीने पापलेट पुढे केलं. आईने कल्ला उचलला, वाकून पाहिलं आणि मासा पाटीत परत ठेवला. "हा कालचा. खालचा दे."

"आजी, दिसायला लागलं वाटतं," कोळीण हसली आणि मुकाट्याने खालचा काढला. माझी छाती अशी फुगली की सगळ्या बाजाराला ओरडून सांगावंसं वाटलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरने दुसरा डोळा पाहिला. "यातलाही वाढलाय, पण अजून कडक झालेला नाही," ती म्हणाली. "घाई नाही आजी, वर्षभर थांबलात तरी चालेल."

"थांबायचं नाही," आई म्हणाली. "हा कच्चाच काढा."