कोपरा खाल्लेलं कार्ड

लासुर्ण्याच्या सिंधुबाईला लग्नाआधी नागव्वा म्हणत. माहेर इंडीच्या बाजूचं, बोली कानडी. तिचा मामा इकडे कालव्याच्या कामावर होता. त्यानं दत्तोबाचं स्थळ काढलं आणि चौदाव्या वर्षी पोरीला उजवून टाकलं. पोर बोलणार कशी, हे कुणी विचारलं नाही. लग्नात बोलायला तिला कुणी सांगणारही नव्हतं.

सासरी आल्यावर तिला कळलं की शब्द ओळखीचेच आहेत, फक्त इथं ते भलत्याच घरी नांदतात. माहेरी हाल म्हणजे दूध. इथं हाल सोसायचे असतात. तिकडं काल म्हणजे पाय. इथं तो उलटून गेलेला दिवस. हसु म्हणजे तर गाय. सासू कुशाबाई पहिल्याच आठवड्यात "हसू नगंस!" म्हणून ओरडली, तेव्हा सिंधुबाईनं गोठ्यात डोकावून पाहिलं. मग सासू वैतागून "मर तिकडं" म्हणाली. माहेरी मर म्हणजे झाड. सून निमूट लिंबाखाली जाऊन बसली. पोर शब्दाबाहेर नाही, असा कुशाबाईचा समज झाला आणि तो पुढं बरीच वर्षं टिकला.

सोळा वर्षांत सिंधुबाई पक्की लासुर्ण्याची झाली. मेथी आणि वांगी पिकवून इंदापूरच्या बाजारात विकू लागली, मराठीत भांडू लागली. सल एकच होता. आईनं तिचं घर पाहिलं नव्हतं. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही रीत, आणि मूल काही झालं नाही. दर दिवाळीला माहेरी गेली की ती आईला चल म्हणे. आई म्हणे, नातू झाला की येते. सिंधुबाई बरं म्हणायची.

छप्पन साली सरकारनं बोलीवरून प्रांत वाटले. त्याच हिवाळ्यात सोपान गुरुजींनी चावडीत बायांचा साक्षरतेचा वर्ग काढला. तीन महिन्यांनी सिंधुबाईनं पोस्टकार्ड आणून स्वतःच्या हातानं लिहिलं: "अव्वा, नी बा." आई, तू ये.

गुरुजींनी कार्ड उलटंपालटं केलं. "ही कुठली मराठी, सिंधुबाई?"

"अक्षरं तुमची हायती, गुरुजी. बोल माजं हाय."

गुरुजींनी पत्ता घालून दिला. माहेरच्या शाळेतला मास्तर ही अक्षरं वाचू शकेल, एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

शाई वाळायला तिनं कार्ड गोठ्याच्या कुडावर ठेवलं आणि गायीनं त्याचा कोपरा खाल्ला. अक्षरं तेवढी वाचली होती. तीन शब्दांना अख्खी दुपार गेली होती. पुन्हा लिहायचा तिला धीर नव्हता. कुणाला न दाखवता तिनं कार्ड टपालाच्या पेटीत टाकलं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर, ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर फाडायचं आणि अंघोळ करायची, हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. पण सिंधुबाईच्या नावानं जन्मात एकही पत्र आलं नव्हतं. तिला कोण सांगणार?

आठवड्यानं ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती, तेव्हा रस्त्यावरून रडण्याचा आवाज आला. पुढं भाऊ भीमाप्पा, मागं आई. आईनं लेकीला पाहिलं आणि रडणं जागच्या जागी थांबवलं. मग जवळ येऊन तिच्या पाठीत दोन सणसणीत धपाटे घातले आणि तिला उराशी धरलं. खरी आहे की नाही हे पाहायची तिला दुसरी पद्धत माहीत नव्हती.

"कार्डात काय लिहिलं होतंस?" आईनं कानडीत विचारलं. लासुर्ण्याचं कार्ड, त्याला कोपरा नाही, एवढं पाहूनच ते उंबऱ्याबाहेर फाडलं होतं; वाचलं कुणीच नव्हतं.

"तू ये म्हणून."

तेवढ्यात कुशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. विहिणीला पाणी चालत नाही हे आठवलं तशी ती ओशाळून मागं फिरली. "इसरलेच की बया!"

आईला मराठी कळत नव्हती, पण तांब्या कळला. तिनं तो कुशाबाईच्या हातातून ओढून घेतला.

"तुझ्या नावानं अंघोळ करून आलेय मी," ती लेकीला म्हणाली. "मेलेल्या लेकीच्या घरचं पाणी चालतं."

तिनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला, आणि जेवायला काय केलंस म्हणून विचारलं.