रोज्यातली चक्कर

नव्वदच्या दशकात मी बहारीनला, मनामातल्या एका वकिलांकडे दुभाष्या होतो. रत्नागिरीकडचा कुणी अडचणीत आला की माझ्याच गळ्यात पडायचा. मी वैतागायचो, आणि तरी जायचो. ही केस दापोलीकडच्या एका फिटरची. रमजानात जवळच्या सित्रा बेटावर पाइपच्या कामावर असताना तो उंच फळीवरून खाली पडला आणि पाय कायमचा गेला. पाइप वर घ्यायला फळीचा कठडा काढला होता, तो परत कुणी लावलाच नव्हता.

मला वाटलं, यात सिद्ध काय करायचंय? कंपनीची चूक तर उघड दिसतेय! पण वकील म्हणाले, कायदा नुकताच बदललाय. आधी हलगर्जीपणा दाखवला की भागायचं. आता त्या हलगर्जीपणामुळेच माणूस पडला, एरवी पडला नसता, हेही आपणच दाखवायचं. कंपनीचं म्हणणं, याचा रोजा होता, चक्कर आली, कठडा असता तरी पडलाच असता. माझं डोकंच फिरलं. उपाशी माणसाला भर उन्हात वर चढवायचं, आणि खापर फोडायचं रोज्यावर!

चक्कर आली होती हे मात्र खरं. खोलीवरच्या सगळ्यांनी त्याला बजावलं, सरळ नाही म्हण आणि मोकळा हो. हरलास तर असा लंगडत, रिकाम्या हाताने गावी जाशील. बायकापोरांना काय खायला घालशील? मला त्याच्याकडे बघवेना.

कोर्टात कंपनीच्या वकिलाने पहिला प्रश्न तोच विचारला. याने कुबडी सावरली.

"चक्कर आलेली," तो म्हणाला. "शपथ घेऊन खोटं कसं बोलू?"

मी ते तसंच अरबीत सांगितलं. मनात म्हटलं, खलास, गेली केस. समोरचा वकील खुशीत खाली बसला.

न्यायाधीशांनी मात्र कागदातून मान वर काढली आणि विचारलं, चक्कर आल्यावर तू काय केलंस?

त्याने उजवा हात कमरेच्या उंचीवर बाजूला नेला आणि मूठ आवळली. मुठीत काहीच आलं नाही.

"कठडा धरायला गेलो, साहेब."

मी अरबीत सांगायला तोंड उघडलं, तोवर न्यायाधीश लिहायला लागले होते. त्या रिकाम्या मुठीवर आम्ही केस जिंकलो.