रोल नंबर दोनची वही

माझ्या शाळेत एकच मुलगी होती, तरी मी रोज हजेरी घ्यायचे. नवरा पहिल्या पाळीला गेला, ओटा आवरला, की साडेनवाला बोईसरच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात मी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून म्हणायचे, "रोल नंबर एक." माझी नऊ वर्षांची लेक ताठ उभी राहून म्हणायची, "हजर." शेजारणींना हे कळलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. तशा त्या काढतच होत्या.

तिसरी संपल्यावर मी तिला शाळेतून काढलं. ती हळू लिहायची म्हणून बाई तिला शेवटच्या बाकावर बसवायच्या, आणि तिथे बसून बसून ती बोलायचीच थांबली होती. घरीसुद्धा. मी बी.एड. झालेली, लग्न होऊन जळगावकडून इकडे आलेली, नोकरी कधी केली नव्हती. म्हटलं, त्या शिक्षणाचं आता लोणचं घालायचंय का? घरी शिकवते. नवरा कारखान्यात सुपरवायझर, प्रत्येक गोष्ट तपासून घेणारा. तो म्हणाला, "एक वर्ष बघू. मार्चमध्ये पालघरची एक शाळा पाचवीच्या प्रवेशाला परीक्षा घेते, तिथे बसवू. पास झाली तर तुझं शिकवणं खरं. नाहीतर परत जुन्या शाळेत, चौथीत." म्हणजे परत तोच शेवटचा बाक. हे आम्हा दोघींना न सांगता कळलं.

मी सरकारी पाठ्यपुस्तकं आणली, निम्मी ठेवली, निम्मी माळ्यावर टाकली. भूगोलासाठी दर रविवारी चिंचणीचा किनारा आणि भरती-ओहोटीची नोंदवही. विज्ञानाला वारा. खिडकी उघडून नाक बाहेर काढायचं. औषधी, तिखट वास आला तर वारा कारखान्यांकडून, सुकवलेल्या मासळीचा आला तर समुद्राकडून. हे तिला फार आवडायचं. अडायचं ते गणितात. चुकेल या भीतीने ती खोडत राहायची, पान फाटेपर्यंत.

त्यावर मी एक युक्ती काढली. दुसरी वही केली. रोल नंबर दोनची. त्या वहीत मी मुद्दाम चुकीची गणितं सोडवायची आणि लेकीने लाल पेनने तपासायची. माझं अक्षर तिने ओळखू नये म्हणून मी डाव्या हाताने लिहायचे. वाकडी, एकमेकांवर पडणारी अक्षरं. सात आठे चोपन्न. लेक खुदकन हसायची, फुली मारायची, खाली लिहायची, "लक्ष कुठे असते?" ती पुन्हा बोलायला लागली ती या वहीमुळे. हजेरीत रोल नंबर दोन पुकारला की तीच बारीक आवाज काढून "हजर" म्हणायची. तिला सगळं माहीत होतं. खेळ होता तो आमचा.

एकदा तिने विचारलं, "ही केवढी आहे गं?"

"सात वर्षांची," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते निघून गेलं. लेक दोन वर्षांची असताना मला पुन्हा दिवस गेले होते आणि सहाव्या महिन्यात ते संपलं होतं. मुलगी होती. हे लेकीला आम्ही कधीच सांगितलेलं नाही, आणि मीही ते कधी उगाळत बसले नव्हते. पण आकडा तयार होता.

आमच्याकडे दांडी गावची एक कोळीण आठवड्यातून दोनदा मासळी घेऊन यायची. पाटी दारात टेकवायची, पाणी प्यायची आणि मगच मांदेली दाखवायची. दिवाळी झाल्यावर एकदा ती म्हणाली, "ताई, तुमच्या दोगी पोरी लय शिस्तीच्या हायत. जिन्यात आवाज येतो. एकीचा जाडा, एकीचा बारीक."

मी तिला सांगायला हवं होतं की मावशी, एकच आहे. मी नुसतं हसले. तिने मुठीत मावतील एवढी मांदेली वर टाकली, "धाकटीला घाला," म्हणाली. मी ती तळली आणि खाल्ली. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो, कारण मला त्या वेळी छान वाटलं होतं.

त्यानंतर त्या वहीचं काहीतरी बदलायला लागलं. फुल्या कमी झाल्या. लेक कुरकुरली, "आई, ही चुकतच नाही आता. मी काय तपासू?" मी पानं उलटली. भागाकार बरोबर, पाढे बरोबर. अक्षर तेच डाव्या हाताचं, पण वळणावर आलेलं. आणि त्यातली दोन पानं मी लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.

जानेवारीत तर निबंध सापडला. 'माझे घर.' मी कुणालाच असा निबंध दिला नव्हता. चारच ओळी होत्या. "आमच्या घरात तीन खुर्च्या आहेत. बाबा बसतात. ताई बसते. आई बसते. मी उभी असते."

मी तडक लेकीला बोलावलं. "हे कसले खेळ? कधी लिहिलंस?" ती रडायला लागली. नाही म्हणाली, देवाची शपथ म्हणाली. मी निर्दयपणे तिच्या डाव्या हातात पेन दिलं आणि म्हटलं, लिहून दाखव. तिला साधा 'ग' काढता आला नाही. ती हुंदके देत होती आणि मी वही हातात धरून घरातल्या तीन खुर्च्यांकडे बघत होते. चौथी आम्ही कधी घेतलीच नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, अख्खी इमारत पाळ्यांवर गेलेली, जिन्यात चिटपाखरू नाही. मी उठून दाराची कडी लावली. नवऱ्याला काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीच्या आधार कार्डावरचा पत्ता बदलायला बापलेक पालघरजवळच्या कोळगावला गेले. मी घरी एकटी. अकराच्या सुमाराला कोळीण आली, पाटी टेकवली आणि आत डोकावून म्हणाली, "मोठी नाय वाटतं आज?"

"बाबांबरोबर गेलीय."

"तरीच. एकच आवाज आला. तुमी हाक मारली ना, दोन नंबर म्हणून, तर धाकटी बोलली, हजर. लय गोड बोलते. हाय कुठं ती?"

मी दाराची चौकट धरली. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी सकाळपासून टेबलाशी बसले होते, एवढंच मला ठाऊक होतं. "झोपलीय," मी म्हणाले. मासळी न घेताच दार लावलं.

हात धुवायला गेले तेव्हा दिसलं. माझ्या डाव्या तळहाताची करंगळीकडची कड निळी झाली होती. डाव्या हाताने लिहिताना ओल्या शाईवरून हात फिरतो, तशी. टेबलावर ती वही उघडी होती. पान भरलेलं. सगळं बरोबर.

भूत असतं तर बरं झालं असतं. अंगारा लावला असता, कुणाला तरी विचारलं असतं. मीच त्या दोन नंबरच्या पोरीला शिकवत होते. लेक दुपारी झोपली की बसत होते, आणि तिला ढ ठेवणं मला जमलं नव्हतं. मी तिला पाढे दिले, वळण दिलं, ती दुसरीतून तिसरीत यावी म्हणून खपले. आणि उठले की विसरले. कसं विसरले हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर मी दुपारचं बसणं बंद केलं. वही कपाटात ठेवली, पण कुलूप काही लावलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नवऱ्याने लेकीची वही चाळायला घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं, ही मागे चाललीय. नोव्हेंबरपर्यंत सगळं बरोबर, आणि आता हे बघ. महिन्यावर परीक्षा आली." मी बघितलं. सात आठे चोपन्न. त्र्याण्णव वजा अठ्ठेचाळीस, पंचावन्न. या चुका माझ्या ओळखीच्या होत्या. मी कपाटातून रोल नंबर दोनची वही काढली आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. पहिल्या महिन्यात मी मुद्दाम केलेल्या चुका माझ्या लेकीने एकेक करून, त्याच क्रमाने, स्वतःच्या वहीत उतरवल्या होत्या.

तो अंघोळीला गेल्यावर मी तिला जवळ घेतलं. "हे तू चुकून लिहिलंस का गं?"

"नाही."

"मग?"

"ती चुकायची तेव्हा तू तिच्या वहीत बघत बसायचीस. ती शिकली, तरी तिच्याच वहीत बसतेस." ती वेणीचं टोक चावत होती. "मी दुपारी झोपत नाही गं आई. नुसती पडते."

मला तिच्या तोंडाकडे बघवेना. शेवटच्या बाकावरून उचलून आणलेली पोर मी माझ्याच घरात पुन्हा शेवटच्या बाकावर बसवली होती. तिने सगळं पाहिलं होतं, माझा डावा हात, माझा बारीक आवाज, आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी साडेनवाला मी हजेरीला उभी राहिले. "रोल नंबर एक."

"हजर."

पुढे मी थांबले. ती माझ्याकडे बघत होती, आणि बारीक आवाज काढावा की नाही हे तिला कळत नव्हतं. मी ती दुसरी वही उघडली. पेन आपसूक डाव्या हातात गेलं होतं. ते उजव्या हातात घेतलं आणि कोऱ्या पानावर माझ्या खऱ्या अक्षरात लिहिलं, "गैरहजर." त्या वहीत माझं खरं अक्षर ते पहिलंच. लिहिताना मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

तेवढ्यात जिन्यातून पाटीचा वास आणि हाक आली, "ताई, दोगी बऱ्या हायत ना?"

मी दार उघडलं. "मावशी, मला एकच मुलगी आहे."

तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मग बारीक आवाजाची ती कोण?"

"मीच होते."

तिने मांदेली मोजून दिली. त्या दिवशी तिने वर काही टाकलं नाही आणि मीही मागितलं नाही.

टेबलाशी आले तर लेकीने आठ गणितं सोडवून वही माझ्यापुढे सरकवलेली होती. मी लाल पेन घेऊन एकेक तपासलं. आठही बरोबर होती. तिने माझ्याकडे न बघता वही मिटायला घेतली, आता आई उठणार, अशी.

मी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसून राहिले.