चार बिऱ्हाडांची पोस्त

पोस्तीचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. चार बिऱ्हाडं एका ओळीत राहतात, भांडी घासणारी बाई एक, पाणी भरणारा एक आणि सण दर वर्षी येतो. एवढं असलं की बाकीचं आपोआप घडत जातं! परवा मित्रांत बसलो असताना कुणीतरी सहज विचारलं, "कामवाल्या बाईला दिवाळीला पगाराच्या वर काही द्यावं का रे?" आणि मी जो सुरू झालो, तो दुसरा चहा आला तरी थांबेना.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. मी बँकेत क्लार्क. स्टेशन रोडच्या आतल्या अंगाला हळदीचे व्यापारी हाजीसाहेब यांच्या खोल्या होत्या, तिथं आम्ही भाडेकरू. पहिल्या खोलीत कोर्टातले क्लार्क बोरकर आणि वहिनी. दुसरीत मी आणि माझी बायको सुमन. तिसरीत हायस्कूलचे वाघमारे मास्तर, बायको-मुलांसह. शेवटच्या खोलीत सरकारी दवाखान्यातल्या साळवे सिस्टर. त्यांचे यजमान वारलेले, मुलगा नगरला बोर्डिंगात. चौघांची धुणीभांडी गयाबाईकडे, आणि पाणी रज्जाकभाईच्या कावडीवर.

* * *

पहिल्याच दिवाळीला गयाबाईनं बोरकरांच्या ओट्याशी उभं राहून पोस्त मागितली. बोरकर तत्त्वाचे माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे बघ गयाबाई, तुझं काम ठरलेलं आहे. बरोबर?"

"बराबर."

"तुझा पगार ठरलेला आहे. बरोबर?"

"बराबर."

"मग ही पोस्त कशाची?"

गयाबाई म्हणाली, "साहेब, सण बी ठरलेलाच हाय की!"

बोरकरांनी परत चष्मा काढला.

* * *

मग बोरकरांनी मीटिंग घेतली! चारही बिऱ्हाडांचं एकच धोरण असावं, एकानं जास्त आणि एकानं कमी असं नको, असा त्यांचा मुद्दा. मीटिंग त्यांच्याच ओट्यावर झाली. गयाबाई चार पावलांवर, नळ नुसता नावालाच असलेल्या नळकोंड्याशी आमचीच भांडी घासत होती, पण तिला बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

वाघमारे मास्तर म्हणाले, "आम्ही बौद्ध. आमच्या घरी दिवाळी नसते. मी चौदा एप्रिलला देईन."

साळवे सिस्टर म्हणाल्या, "माझा सण नाताळ. मी तेव्हा देईन."

तेवढ्यात भाडं न्यायला हाजीसाहेब आले. त्यांच्याही घरची भांडी गयाबाईकडंच होती. विषय कळल्यावर ते म्हणाले, "हम तो भाई ईद को देते हैं."

बोरकर हताश झाले. "म्हणजे आपल्याला सण एक, आणि हिला चार!"

नळकोंड्याकडून आवाज आला, "व्हय साहेब. आमाला कोनत्याच देवाचं वावडं न्हाई!"

* * *

बोलल्याप्रमाणे मास्तरांनी चौदा एप्रिलला गयाबाईला बोलावलं. घरात फोटोला हार होता, पोरं नव्या कपड्यांत होती. मास्तर म्हणाले, "गयाबाई, दिलेली वस्तू फाटते, विरते. मी तुला अशी पोस्त देणार की जन्मभर पुरेल. मी तुला सही शिकवतो. अंगठा उठवणं बंद!"

गयाबाई विचारात पडली. मग म्हणाली, "बरं, शिकवा. पन साडी बी द्या."

दोन्ही मिळालं. सही यायला पावसाळा उजाडला. साडी त्याच दिवशी आली.

* * *

सिस्टरांचा पहिला नाताळ आम्हाला सगळ्यांनाच नवा होता. त्यांनी पातेल्यात वाळू घातली, वर डबा ठेवला, झाकणावर निखारे ठेवले आणि केक भाजला. वास सगळ्या ओळीत गेला. संध्याकाळी ताटात तुकडे मांडून त्या दारोदार आल्या.

बोरकरांनी हात पुढे केला, मागे घेतला. "सिस्टर, यात अंडं असतं ना?"

बोरकरांची नजर मात्र केकवरून हलत नव्हती. सिस्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे पाहिलं, आणि एक तुकडा उचलून पुढे केला.

"तुमच्या तुकड्यात नाहीये!"

बोरकरांनी खाल्ला. तेव्हापासून दर नाताळला ते सिस्टरांना विचारायचे, "माझा तुकडा वेगळा ठेवलाय ना?"

* * *

पुढच्या दिवाळीला बोरकरांनी युक्ती काढली. गयाबाई ओट्याशी आल्याबरोबर चेहरा पाडून म्हणाले, "यंदा आमच्याकडे सुतक आहे. अमरावतीचे चुलते गेले. सण नाही."

गयाबाईनं पदर तोंडाला लावला. "अरारा! लई वाईट झालं."

"हो ना."

"म्हातारे व्हते का?"

"फार."

गयाबाईनं पदर तोंडावरून खाली घेतला. मग म्हणाली, "बरं साहेब. मंग तुमी नाताळाला द्या. तवर सुतक फिटंल!"

* * *

बहात्तरच्या दुष्काळात मात्र सगळं उलटंपालटं झालं. हाजीसाहेबांच्या आडाचा तळ दिसला. रज्जाकभाई कुठल्या तरी शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायचा. उन्हात कावड खांद्यावर, दोन बाजूंना तेलाचे डबे. प्रत्येक दारात ठरावीक खेपा, कमी नाही की जास्त नाही. सुमन त्या पाण्यात आधी भाजी धुवायची, मग त्याच पाण्यानं फरशी पुसायची आणि उरलेलं तुळशीला घालायची.

त्या उन्हाळ्यात एक दिवस बोरकर रज्जाकभाईची वाट बघत ओट्यावर उभे होते. दिवाळी बरीच लांब होती. तरी ते गोड आवाजात म्हणाले, "रज्जाकभाई, दिवाळीची पोस्त या वर्षी आत्ताच घेऊन टाक. आणि आमच्या दारात एक खेप वाढव."

रज्जाकभाईनं कावड खाली टेकवली. गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं.

"साब, ये बक्षिस है के रिश्वत?"

बोरकर कोर्टातले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी इतका सरळ विचारला नसावा! ते आत गेले ते बाहेरच आले नाहीत. रज्जाकभाईनं त्यांच्या वाट्याचे डबे नेहमीसारखे ओतले आणि पुढच्या दारात गेला.

त्या वर्षी दिवाळी कुणी केलीच नाही म्हणा. पण चारही घरांनी रज्जाकभाईला बोलावून पोस्त दिली. त्यानं घेतली.

* * *

बोरकर देत नाहीत म्हणून वहिनी चोरून द्यायच्या, हे बोरकर सोडून सगळ्या ओळीला माहीत होतं. एकदा त्यांनी बोरकरांचा तपकिरी कोट गयाबाईला देऊन टाकला. कोपरात विरलेला, पण अस्तर चांगलं. "साहेबांच्या नजरेला पडू देऊ नको," एवढीच अट.

गयाबाईचा नवरा कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर कामाला होता. साहेबांच्या नजरेला पडायचा प्रश्नच नव्हता. पण त्या ढाब्यावर दोन ट्रकवाल्यांची मारामारी झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि गयाबाईच्या नवऱ्याला साक्षीला बोलावलं! आता कोर्टात जायचं म्हणजे माणूस घरातला सगळ्यात चांगला कपडा घालणार. त्यानं तपकिरी कोट घातला.

त्याचं नाव पुकारलं. तो पिंजऱ्यात येऊन उभा राहिला. समोर बोरकर बसलेले. कोट बघून त्यांच्या हातातला टाक थांबला. पण भर कोर्टात बोलणार काय?

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि वहिनींना म्हणाले, "आज माझा कोट साक्ष देऊन आला!"

वहिनी पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरं बोलला ना?"

* * *

आणीबाणी आली तेव्हा बोरकर खूश होते. गाड्या वेळेवर, कचेऱ्या वेळेवर. दिवाळीला गयाबाई आली तशी ते म्हणाले, "आता हे मागणं-बिगणं बंद! आणीबाणी आहे. वरून आदेश आहे."

"काहून? धरून नेतेत का?"

"नेतील! सांगता येत नाही."

गयाबाईनं बाकीची भांडी घासली. बोरकरांची तशीच नळकोंड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशीही तशीच. कढईला बुरशी यायची वेळ आली. वहिनींनी विचारलं, तर ती काळजीच्या सुरात म्हणाली, "वैनी, भांड्यांचा बी आदेश येऊ द्या की. उगं मला धरून नेलं तर लेकरं कोन सांभाळंल?"

त्या दुपारी बोरकर कोर्टात असताना गयाबाईला लुगडं मिळालं. आणीबाणी बोरकरांच्या ओट्यापर्यंत आली होती, स्वयंपाकघरात शिरली नाही!

* * *

आता शेवटचा.

सत्त्याहत्तर साल संपत आलं होतं. सरकारी नोकरांचा संप सुरू झाला. कोर्टातले बोरकर संपावर, वाघमारे मास्तर संपावर, साळवे सिस्टर संपावर. ओळीत सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा मी एकटाच. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. बोरकर आणि मास्तर ओट्यावर बसून सरकार काय करणार याची चर्चा करायचे. मग आवाज खाली आले. पुढचा पगार कधी, हे कुणालाच सांगता येईना. वहिनींनी दूध कमी केलं. मास्तरांच्या घरी दुपारचा चहा बंद झाला.

सिस्टर चर्चेत नसायच्याच. हातातला पगार मुलाच्या बोर्डिंगला पाठवून मोकळ्या झालेल्या. दवाखान्याचा पांढरा गणवेश धुऊन दोरीवर टाकायच्या, वाळला की घडी करून ठेवायच्या आणि दोन दिवसांनी परत धुवायच्या. अंगावर चढवलेला नसला तरी! सुमननं एकदा भाजीची वाटी नेऊन दिली. ती त्यांनी ठेवून घेतली. पण दुसऱ्या दिवशी वाटी परत आली तेव्हा त्यात साखर होती. सुमनच्या लक्षात आलं की घरातली होती नव्हती ती साखर त्यांनी वाटीत घातली असणार. तिनं पुन्हा काही नेलं नाही.

नाताळ जवळ आला. दर वर्षी सिस्टर आदल्या आठवड्यात दारावर कागदाची चांदणी लावायच्या. यंदा लावली नाही. गयाबाईला साडी आणि रज्जाकभाईला चादर, हे त्यांचं ठरलेलं होतं. त्यात कधी खंड नव्हता.

वहिनींनी गयाबाईला आणि रज्जाकभाईला बाजूला घेतलं. "हे बघा, पंचवीस तारखेला सिस्टरांच्या दारात कुणी जायचं नाही. नाताळचं नावसुद्धा काढायचं नाही. गपचूप आपलं काम करायचं."

रज्जाकभाईनं मान हलवली. गयाबाई म्हणाली, "बरं."

आम्हीही तेच ठरवलं. कुणी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, म्हणजे सिस्टरांना अवघड वाटणार नाही. सगळ्यांना ते पटलं.

नाताळ उजाडला. सिस्टरांचं दार बंद. त्या आत होत्या. खरकटी भांडी तेवढी मागच्या बाजूला ठेवलेली होती. एक पातेलं, एक ताटली, एक कप. बोरकर ओट्यावर पेपर वाचत होते. मास्तर पोराचं गणित तपासत होते. ओळीतलं प्रत्येक माणूस बोलत होतं, पण हळू.

गयाबाईनं ती भांडी घासली. पालथी घातली. हात पुसले. अंबाडा सोडून परत बांधला, पदर नीट घेतला, आणि सरळ पुढच्या बाजूला जाऊन सिस्टरांच्या दाराची कडी वाजवली.

"सिस्टर! ओ सिस्टर! नाताळाची पोस्त!"

सुमन आमच्या दारातून दबक्या आवाजात ओरडली, "अगं गयाबाई, काय हे! संप आहे ना त्यांचा!"

"संप सिस्टरचा हाय," गयाबाई मोठ्यानं म्हणाली, "नाताळ चालूच हाय की!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. बोरकरांनी पेपर खाली केला.

गयाबाईनं परत कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सिस्टरांचे डोळे सुजलेले होते आणि केस विंचरलेले नव्हते. त्यांनी गयाबाईकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तशाच आत गेल्या. आता दार लागणार असं मला वाटलं. पण त्या परत आल्या. केस आवरलेले होते आणि हातात वाटी होती. वाटीत गूळ आणि शेंगदाणे.

गयाबाईनं पदर पसरला. वाटी पदरात रिकामी झाली. तिनं वाकून बघितलं.

"एवढंच?"

मास्तर पोराच्या वहीवरून उठून उभे राहिले.

"एवढंच आहे गं यंदा," सिस्टर म्हणाल्या.

"आन् साडी?"

"संप मिटू दे. मग देईन."

"मंग रंग मी सांगनार. मागल्या वर्षीचा लई फिका व्हता. दोन धुन्यात पांढरा पडला."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "बरं. कुठला रंग हवा?"

"हिरवा."

"हिरवा?"

"पोपटी नको. गर्द पायजे. आन् काठ मोठे!"

"बरं बाई. काठ मोठे."

"इसरू नका. न्हाई तर मी परत येईन मागाया!"

सिस्टर हसल्या. हसता हसता त्यांनी दाराची चौकट धरली आणि मग बराच वेळ त्यांना हसू आवरेना.

गयाबाईनं पदराला गाठ मारली आणि निघाली. रज्जाकभाई भरलेली कावड खांद्यावर घेऊन बोरकरांच्या ओट्यापाशी कधीचा थांबला होता. ती जवळून जाताना त्यानं विचारलं, "मिला?"

"मिळालं की."

रज्जाकभाईनं कावड खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि परत घातली. मग तो सिस्टरांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि खाकरला.