साळवे दादांची पंधरा मिनिटं

साळवे दादा कामावर कधीच वेळेवर आले नाहीत. सहाची पाळी असली की पावणेसहाला, दोनची असली की पावणेदोनला, दहाची असली की पावणेदहाला बॉयलरच्या दारात हजर. आल्या आल्या डब्याची पिशवी खिळ्याला अडकवायची, काचेच्या नळीत पाणी किती आहे ते बघायचं, दाबाचा काटा बघायचा आणि समोरच्याला सांगायचं, "हात धू, डबा उचल, नीघ." तो म्हणे, "दादा, अजून पंधरा मिनिटं आहेत." त्यावर ठरलेलं उत्तर, "ती माझी हायेत. तू नीघ."

आमचा कारखाना नाशकात, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. बॉयलरवर आम्ही तिघं, साळवे दादा, ढगे आणि मी. बॉयलर पेटता ठेवून माणसाला हलता येत नाही. समोर परवानावाला माणूस लागतो, दुसरा कोणी ऐरागैरा चालत नाही. म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस येऊन तुम्हाला सोडवत नाही तोवर तुम्ही तिथेच. क्रम ठरलेला होता. दादा ढगेला सोडवायचे, ढगे मला सोडवायचा आणि मी दादांना. यात सगळ्यात नशीबवान कोण ते सांगायला नको, आणि सगळ्यात कमनशिबी कोण तेही. कारण मी रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा जायचो. कधी गाडी पंक्चर, कधी सिग्नल, कधी चक्क काहीच नाही. दादा चिडत नसत. फक्त एकदा म्हणाले, "विनायक, माझी पंधरा मिनिटं मी देतो ती दिली म्हणायची. तू घेतोस ती चोरली म्हणायची." मी हसलो. काय विनोदी माणूस, असं मला वाटलं!

याच सुमारास मला चांगला माणूस होण्याची हौस आली. पंचवटीत एका हॉलमध्ये 'आनंदी जीवनाच्या छोट्या सवयी' नावाचं शिबिर होतं, दर रविवारी सकाळी. शिकवणारे सर पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात, गालाला माईक चिकटवलेला, आणि हसू असं की समोर फोटो काढणारं कोणी नसलं तरी फोटोतल्यासारखं. सकाळी उठून आरशात बघून हसायचं. पाणी पिण्याआधी पाण्याचे आभार मानायचे. झाडाला मिठी मारायची. रोज वहीत तीन जणांविषयी कृतज्ञता लिहायची. आणि दिवसातून एक तास मोबाईल बंद ठेवून स्वतःला भेटायचं. मी सगळं केलं. कॉलनीतल्या कडुलिंबाला मिठी मारताना शर्टभर मुंग्या चढल्या, तरी मारली. बायको म्हणाली, "आरशाकडे बघून हसता, माझ्याकडे बघून कधी हसलात? आणि तेवढा आनंद झाला असेल तर गच्चीवरचे कपडे काढून आणा." मी तिला म्हणालो, तुझ्यात नकारात्मकता फार आहे. कपडे तिनेच आणले.

दादांनाही मी ती वही दाखवली. बॉयलरसमोर उभं राहून त्यांनी दोन पानं वाचली. "हे पाण्याला थँक्यू म्हणतोस ते पाणी ऐकतं का?" म्हटलं, दादा, ती भावना असते. "असंल. पण चांगलं वागायला वही कशाला लागते रे? दात घासले की लिहून ठेवतोस का?" मग वही परत देताना म्हणाले, "लय सुंदर अक्षर हाय तुझं." एवढंच कौतुक. मला राग आला होता. हा माणूस बारावीपर्यंत शिकलेला, घोटीच्या भाताच्या गिरणीत राबून मोठ्या बहिणीने याला शिकवलेलं, याला काय कळणार आंतरिक आनंद, असं मी मनात म्हटलं. हो, असंच म्हटलं. आता लाज वाटते म्हणून ते वाक्य गाळत नाही.

ती बहीण म्हणजे त्यांचं सगळं होती. आई लवकर गेली, बाप कामासाठी गाव सोडून गेला तो गेलाच. ताईने त्यांना वाढवलं. दर सुट्टीला दादा घोटीला जायचे, ताईला नाशकातली औषधं आणि पातळ शेव घेऊन. तिचा आजार वाढत चालला होता हे आम्हाला माहीत होतं. "ताईला एकच सांगून ठेवलंय," ते म्हणायचे, "मला न सांगता जायचं नाय."

शिबिराच्या समारोपाच्या रविवारी दादांची पहिली पाळी होती आणि माझी दुसरी. साडेबाराला त्यांना भाच्याचा फोन आला. मामा, ताबडतोब या, आई तुमचंच नाव घेतेय. ढगे रात्रपाळी करून सटाण्याला लग्नाला गेलेला. बॉयलर विझवायचा म्हटला तरी तास-दीड तास जातो, तोवर समोर माणूस हवाच, आणि दोनला तर मी येणारच होतो. राहिलो मी. दादांनी मला फोन लावला. मग पुन्हा लावला. साहेबांनी त्यांच्या फोनवरून लावला.

माझा फोन बंद होता. मी स्वतःला भेटत होतो.

समारोपाला सरांनी एक गोष्ट करायला सांगितली होती. कामावरच्या एका सहकाऱ्याविषयी कृतज्ञतेचं पत्र लिहा आणि सगळ्यांसमोर वाचा. मी कोणाविषयी लिहिलं असेल? साळवे दादांविषयी! मी उशिरा गेलो तरी ते एका शब्दाने बोलत नाहीत, असा माणूस लाभायला भाग्य लागतं, वगैरे वगैरे. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. सर म्हणाले, टाळ्या! टाळ्या वाजल्या. त्यानंतर फराळ होता, मग एकत्र फोटो होता, फोटोत नीट हसले नाहीत म्हणून दुसरा फोटो होता. सव्वादोनला मी फोन चालू केला. अकरा मिस्ड कॉल.

मी पोचलो तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं कमी होती. दादा दारात उभे होते, पिशवी खांद्याला. "पाणी बरोबर हाय. दाब बघ," एवढं बोलले आणि गाडीला किक मारली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या माणसाने जाता जाता मला बॉयलर नीट सोपवला.

ते घोटीला पोचले त्याच्या वीस मिनिटं आधी ताई गेली होती.

तिसऱ्या दिवशी मी घोटीला गेलो. अंगणात चटई टाकलेली, भाचा पाणी घेऊन आला. तो म्हणाला, "आई शेवटपर्यंत दाराकडं बघत होती." त्याला माहीत नव्हतं मी कोण ते. दादांना माहीत होतं. मी रडलो, पाया पडायला गेलो, म्हटलं, दादा, मला माफ करा. त्यांनी पाय मागे घेतले. "माफ केलं म्हटलं की तू मोकळा," ते म्हणाले. "घरी जाशील, वहीत लिहिशील. मी नाय म्हणणार." घरी आलो आणि ती वही मी रद्दीत घातली. त्यातसुद्धा काही मोठेपणा नव्हता, तिच्याकडे बघवेना म्हणून घातली.

साहेबांनी आमचा क्रम उलटा केला. माझ्यामुळे दादांना पुन्हा ताटकळायला नको, म्हणून ढगे दादांना सोडवणार, मी ढगेला आणि दादा मला. मला धडकीच भरली. म्हटलं, आता हा माणूस हिशेब चुकता करणार. रोज पाऊण तास उशिरा येणार, आणि आपल्याला तोंड उघडायला जागा नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पहिल्या दिवशी घड्याळाकडे बघत बसलो होतो. पावणेदोनला पिशवी खिळ्याला लागली. काचेची नळी बघितली, काटा बघितला. माझ्याकडे बघितलं नाही. "नीघ," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे चार वर्षं तेच. त्यांनी मला माफ केलं नव्हतं आणि रोज माझ्यासाठी पंधरा मिनिटं लवकर येत होते. ही कुठली सवय म्हणायची, सरांना विचारायला हवं होतं. पण सर आता ऑनलाइन शिबिरं घेतात आणि फी फार वाढली आहे.

मी वेळेवर जायला लागलो हे सांगण्यासारखं नाही. त्यात कसलं कौतुक? ढगेला आधी हे खरं वाटेना. महिनाभर तो मला विचारायचा, "काय रे, घरी भांडण झालंय का?"

दादा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांची दुसरी पाळी होती. साहेब म्हणाले, शेवटची पाळी कशाला करता, सत्कार घ्या आणि घरी जा. ते ऐकेनात. सत्कार कॅन्टीनमध्ये दीड वाजता ठेवला. मी बॉयलरवर होतो, पुढचं ढगेने सांगितलं. हार झाला, शाल झाली आणि साहेब भाषणाला उठले. छोट्या छोट्या सवयींतून माणूस मोठा होतो, असं त्यांचं काहीतरी रंगात आलं होतं. पावणेदोन झाले तसे दादा खुर्चीवरून उठले, साहेबांना हात जोडले आणि भाषण अर्ध्यावर टाकून चालू लागले. साहेब माईक धरून तसेच उभे.

दादा दारात आले, गळ्यात झेंडूचा हार तसाच. नळी बघितली, काटा बघितला. मला राहवेना. म्हटलं, "दादा, आज तरी म्हणा माफ केलं."

त्यांनी हार काढला आणि घडी घातल्यासारखा पिशवीत ठेवला. "ते ताईनं म्हणायचं होतं रे," ते म्हणाले. "तिच्या वतीनं मी कसं म्हणू?" मग बऱ्याच वर्षांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "घरी कोण हाय आत्ता?"

"पोरगी आहे. शाळेतून आली असेल."

"वाट बघत असंल?"

"बघत असेल."

"मग इथं काय उभा ऱ्हायलास?"